भटूची बुक्की आणि माझ्या पोटातली जखम

मला रक्ताची उलटी झाली तेव्हा माझे दोन्ही हात भटूच्या गळ्यावर होते. हे आधी सांगून टाकतो, कारण नंतर जवळजवळ दोन महिने मी ते तोंडाने कबूल केलं नव्हतं.

मी दोंडाईच्याच्या मिरची बाजारात मापाडी. शेतकऱ्याच्या पोत्याचं वजन करायचं, मोठ्याने सांगायचं, लिहून द्यायचं. भटू हमाल. माझ्याच गावचा, वयाने चार-पाच वर्षांनी लहान. हंगामाचे दिवस होते, फाल्गुन. बाजारभर लाल मिरचीचे ढीग, आणि ठसका इतका की नवा माणूस पाच मिनिटं उभा राहू शकत नाही. सकाळपासून माझं पोट जळत होतं. भटू पोतं काट्यावर ठेवून मला सगळ्यांसमोर म्हणाला, "मापमा पाप करस तू, हिरामण."

मी खोटं माप कधी केलं नव्हतं. पण तेवढ्यासाठी माणसाचा गळा धरत नाहीत. मी आधी त्याच्या थोबाडीत मारली, मग त्याला पोत्यांवर पाडलं आणि गळा दाबला. त्याचे डोळे पांढरे व्हायला लागले तेव्हा त्याने खालून माझ्या पोटात बुक्की मारली. एकच. मी बाजूला झालो, वाकलो, आणि तोंडातून रक्त आलं. थेंब-दोन थेंब नव्हे. आधी काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं, मग लालभडक, गाठींसकट. मिरचीवर पडलं तरी ते वेगळं ओळखू येत होतं.

कुणीतरी ओरडलं, "मारी टाकं याले." माझा मोठा भाऊ नाना शेजारच्या आडतीवर होता. तो आणि आमचे दोन चुलत भाऊ धावत आले. दोघांनी भटूला जमिनीवर दाबून धरलं आणि नानाने काट्याजवळचं दहा किलोचं वजन उचलून त्याच्या उजव्या मनगटावर टाकलं. मग पुन्हा टाकलं. मी तीन हात अंतरावर पडलो होतो, मला दिसत होतं. हाड मोडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या वेळी मला त्या आवाजाने बरं वाटलं, हेही खरं आहे.

*

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात मला जीपमध्ये टाकून नेलं. वाटेत दोनदा उलटी झाली. नानाचा सदरा कमरेपर्यंत माझ्या रक्ताने भिजला होता.

पोटात मार, त्यानंतर रक्ताची उलटी, असं दवाखान्याच्या कागदावर लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं. पोलिसांनी त्यावरून भटूवर तीनशे सात लावलं, म्हणजे जिवे मारण्याचा प्रयत्न. त्याच्या हाताला प्लास्टर घातलं आणि तसंच त्याला कोठडीत नेलं. त्याचा हात कुणी मोडला हे बाजारातल्या एकाही माणसाने सांगितलं नाही. पडला म्हणाले.

माझ्या नाकातून पोटात नळी घातली होती. तिच्यातून गार पाणी आत सोडायचे आणि ओढून काढायचे. आत पांढरं जाई, बाहेर गुलाबी येई. मला रक्त लागणार होतं. नानाने एक बाटली दिली. शेजारच्या खाटेवर आडवा पडून, दंड पुढे करून, तो माझ्याकडे बघत होता.

"मरू नको रे," एवढंच म्हणाला.

नाना माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आमचे वडील मी शाळेत असतानाच गेले. शेवटी काही खाल्लं की ओकायचे, आणि आई म्हणायची, त्यांच्या पोटात गोळा आहे. त्यानंतर मला नानानेच वाढवलं.

तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं. चौथ्या दिवशी भटूची बायको कमल वॉर्डात आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "दादा, मना नवराले सोडी द्या. त्याना हात काळा पडी गया शे."

माझी बायको इंदू डबा घेऊन तेव्हाच आत येत होती. तिने काही विचारलं नाही. हातातला स्टीलचा डबा फेकून मारला. कमलच्या कपाळाला लागला, कातडी फाटली, वरणाबरोबर रक्त गालावरून ओघळलं. इंदू तिचे केस धरायला धावली तेव्हा नर्सने मधे पडून दोघींना वेगळं केलं. कमलला त्याच दवाखान्यात चार टाके पडले. ती तक्रार न करता निघून गेली. मी नाकात नळी घेऊन पडून होतो.

*

आता जे मी तेव्हा लपवलं ते सांगतो, कारण हे लिहिण्याचं एक कारण तेच आहे.

भांडणाच्या आधी दहा-बारा दिवस मला काळी शौच होत होती. डांबरासारखी, चिकट, घाण वासाची. मी कुणाला बोललो नाही. पोट तर वीस वर्षं जळत होतं. त्यावर मी खायचा सोडा घ्यायचो, दुकानातलं गुलाबी औषध प्यायचो, आणि अंग दुखलं की दुखण्याची पुडी. वर तंबाखू होतीच. बाजारात सगळेच असं करतात. काळी शौच झाली तेव्हा वाटलं, उन्हाळ्याची उष्णता. पण रक्ताची उलटी झाल्यावर मला आतून कळलं होतं की हे आजचं नाही. धुळ्याला डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास? मी म्हणालो, नाही.

खाटेवर पडल्या पडल्या मी दोन गोष्टींना भीत होतो. आपण मरू, याची एक. आणि हे रक्त भटूच्या बुक्कीचं नाही असं कुणाला कळेल, याची दुसरी.

*

घरी आलो तरी जेवण जाईना. एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, जळगावला एक डॉक्टर आहेत, दुर्बिणीने पोटाच्या आत बघतात. पॅसेंजरने आम्ही गेलो, मी, इंदू आणि नाना. डॉक्टर तरुण होते, मूळचे जामनेरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. बोलणं साधं.

दुर्बीण म्हणजे बोटाएवढी जाड काळी नळी. घशात औषध फवारलं, दातांमध्ये प्लास्टिकचा चाप बसवला, डाव्या कुशीवर झोपवलं. दोन माणसांनी मला धरलं. नळी घशातून उतरली तेव्हा मी गुदमरलो, पाय झाडले, एकाच्या छातीत लाथ घातली. डोळ्यांतून, नाकातून पाणी. भटूचा गळा दाबला तेव्हा त्याला असंच झालं असेल, हे तिथे पहिल्यांदा माझ्या मनात आलं. नळीतून चिमट्याने आतले बारीक तुकडे काढले. ते दुखत नाही. लांबून कुणीतरी चिमटीने ओढतंय असं वाटतं.

ज्यांना ही तपासणी करायची आहे त्यांना सांगतो: नाकाने श्वास घ्या, लाळ गिळू नका, बाहेर वाहू द्या. आणि लाथ मारू नका. सात-आठ मिनिटांचं काम आहे.

तुकड्यांचा रिपोर्ट मुंबईहून यायला दोन आठवडे लागले. त्या दिवशी डॉक्टरांनी दार लावलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"कॅन्सर नाही," ते म्हणाले. "पण त्याच्या आधीची पायरी आहे."

इंदूने पदर तोंडाला लावला. नाना म्हणाला, "बुक्कीमुळे व्हयनं का?"

"नाही. जिथून रक्त आलं ती जखम जुनी आहे. काठ जाड झालेत, आजूबाजूची कातडी ओढली गेलीय. असं व्हायला वर्षं लागतात. बुक्कीने त्या दिवशी धक्का बसला असेल, नसेल, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण जखम बुक्कीची नाही."

मग त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेनाने एक पिशवी काढली. पोटातल्या अस्तराच्या पेशी रोज मरतात आणि नव्या येतात, ते म्हणाले. प्रत्येक नवी पेशी जुन्या पेशीतलं लिखाण उतरवून घेते. तू कोण, काम काय, वाढायचं कधी आणि थांबायचं कधी, सगळं त्या लिखाणात असतं. माझ्या पोटात एक जंतू होता, बहुतेक लहानपणापासून. तो अस्तराला चिकटून बसतो आणि अंग त्याच्याशी लढत राहतं. त्या लढाईत आपल्याच पेशी पोळतात. वर तंबाखू, खारट, जळजळीत, दुखण्याच्या पुड्या. अस्तर सोलत गेलं की नव्या पेशी घाईने कराव्या लागतात आणि घाईत नक्कल चुकते.

"तुमच्या जठरातल्या काही पेशी जठराच्या राहिलेल्याच नाहीत. आतड्याच्या पेशींसारख्या झाल्यात. जगायला त्यांनी रूप बदललं म्हणा. आणि एका ठिकाणी त्यांची रांग बिघडलीय. वाढ थांबवणारी ओळ खोडली गेली की पेशी ऐकत नाहीत. नेमक्या कुठल्या ओळी, कुठल्या क्रमाने, ते अजून शोधताहेत. मला सगळं माहीत आहे असं नाही."

मी विचारलं, "म्हणजे माझ्या पोटात मारामारी चालू होती?"

"वीस-पंचवीस वर्षं," ते म्हणाले. "ती आधी थांबवू. मग बघू, काय काय मोडलंय."

वडील कशाने गेले ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते नानाकडे वळून म्हणाले, "मग तुम्हीही एकदा तपासून घ्या. एकाच घरातल्यांना हा जंतू बऱ्याचदा असतो."

नाना उठून बाहेर गेला.

*

परतीच्या गाडीत नानाने मला रिपोर्ट मागितला, घडी केली, आणि माझ्याच खिशात परत घातली.

"हाऊ कागद पेटीमा ठेव. कोणलेच दखाडू नको. भटूनी तुले मारं, बठ्ठा गावनी देखेल शे."

मी हो म्हणालो. भटू सुटला तर त्याचा हात कुणी मोडला हा प्रश्न निघणार होता. ते मलाही दिसत होतं.

औषध चौदा दिवसांचं. तीन प्रकारच्या गोळ्या, दिवसातून चार वेळा. तोंडात चोवीस तास गंजलेल्या पत्र्याची चव, जीभ काळी. तिसऱ्या दिवशी शौच पुन्हा काळी झाली. मी संडासातच खाली बसलो, वाटलं, संपलं. इंदूने बाजारातल्या टेलिफोनवरून डॉक्टरांना विचारलं. त्यातल्या एका गोळीने काळी होते, त्यांनी आधीच सांगितलं होतं. मला आठवतच नव्हतं. भीतीत अर्धं ऐकू येतं. म्हणून सांगतो, डॉक्टरकडे एकटे जाऊ नका आणि लिहून आणा.

त्या चौदा दिवसांत मी घरात जनावरासारखा वागलो. बिनतिखटाची खिचडी ताटासकट भिंतीवर मारली. पाण्याचा तांब्या आरशावर फेकला. रात्री झोप नाही आणि दिवसा उभं राहता येत नाही, अशात सगळा राग घरावर. अकराव्या दिवशी इंदू गोळी घेऊन आली. मी म्हणालो, नको. ती म्हणाली, घ्या. मी तिच्या हातावर फटका मारला, गोळ्या घरभर उडाल्या. ती वाकून गोळ्या वेचायला लागली तेव्हा मी तिच्या पाठीत लाथ घातली. ती तोंडावर पडली. ओठ फुटला.

ती रडली नाही. उठून बसली, पदराने तोंड पुसलं, पदराकडे बघितलं.

"भटूनी तुमले मारं, त्याले जेलमा टाकं," ती म्हणाली. "तुमले कोन टाकी?"

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी त्या बाईनं कपाळ फोडं. ती माले सपनमा दिसस. तुमले काहीच दिसत नही का?"

राहिलेल्या गोळ्या तिने मोजून माझ्यासमोर ठेवल्या आणि माहेरी निघून गेली. तीन आठवडे आली नाही.

*

औषध संपल्यावर मी नानाकडे गेलो आणि सांगितलं की मी कोर्टात रिपोर्ट देणार आहे. भटू दीड महिना आत होता.

नाना जेवत होता. हात न धुता उठला, माझी गचांडी धरली आणि मला भिंतीवर आपटलं. दोनदा. डोक्यामागे ओलं झालं. त्याच्या उष्ट्या हाताची भाजी माझ्या गळ्याला लागली होती. वहिनी मधे आली, तिला त्याने ढकललं.

"तुनासाठे करं मी," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच जास्त भयंकर होतं. "मनं रगत शे तुना अंगमा. ते काढी दे पहिले. मग जाय कोर्टमा."

मी त्याला हात लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मारलं आणि मी हात लावला नाही. हे मोठेपण नव्हतं. माझ्यात ताकदच नव्हती. पण न मारताही माणूस उभा राहू शकतो हे त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या आठवड्यात मी वकिलाला घेऊन कोर्टात गेलो आणि सगळं सांगितलं: भांडण मी सुरू केलं, गळा मी दाबला, रक्त मला आधीपासून जात होतं, आणि हा तपासणीचा कागद. सरकारी वकिलांनी विचारलं, इतके दिवस का गप्प होता? मी म्हणालो, भावाला वाचवायला. मग हात कुणी मोडला तेही सांगावं लागलं. नाना कोर्टाच्या व्हरांड्यात उभा होता. नाव घेताना मी त्याच्याकडे बघितलं. नाव घ्यायचं तर तोंड चुकवायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्याने मान वळवली.

भटू जामिनावर सुटला, पुढे त्याच्यावरचं मोठं कलम गेलं. नाना आणि चुलत भावांना अटक झाली, आठ दिवसांनी जामीन मिळाला. केस पुढे काही वर्षांनी तडजोडीत मिटली. भटूचं मनगट वाकडं जुळलं होतं, पोतं उचलणं संपलं. तो कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात राखणदार लागला. मी एकदा त्याच्याकडे गेलो. माफी मागितली. तो फाटकाच्या आत, मी बाहेर.

"खरं सांगं तू," तो म्हणाला. "पन उशिरा सांगं." आणि फाटक लावून घेतलं. मी पुन्हा गेलो नाही. त्याला मला भेटायचं नसेल तर तो त्याचा हक्क आहे.

इंदूला आणायला गेलो तेव्हा तिच्या आईने मला ओट्यावर बसवून ठेवलं, आत बोलावलं नाही. इंदूने एकच अट घातली. ती अट मी पाळली आहे. याहून जास्त लिहीत नाही, ते आमच्या दोघांचं आहे.

*

सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, वर्षाने पुन्हा. जंतू गेला. जिथे पेशींची रांग बिघडली होती तिथले तुकडे सुधारलेले निघाले. आतड्यासारखा झालेला भाग तसाच आहे, बहुतेक राहणारही. डॉक्टर म्हणाले, वाढला नाही हेच मिळवलं, दर वर्षी बघत राहू. मी पूर्ण बरा झालो असं म्हणत नाही. तंबाखू सुटली, पुड्या सुटल्या, आणि काट्यावर कुणी काही बोललं तर मी पोतं पुन्हा मोजतो.

पण प्रत्येक वेळी ते विचारायचे, "भाऊंची तपासणी झाली का?" आणि मी नाही म्हणायचो. नाना माझ्याशी बोलत नव्हता. माझ्या घरावरून जाताना सायकलवरून उतरून पलीकडच्या बाजूने चालायचा. वहिनी इंदूला सांगायची की तो जेवण अर्धं टाकतो, ढेकर आंबट येतात, कंबरपट्टा दोन भोकं आत गेलाय. मी दोनदा त्याच्या दारात गेलो. पहिल्यांदा त्याने दार लावलं. दुसऱ्यांदा पायातली चप्पल फेकून मारली, ती माझ्या कानाला लागली. मी चप्पल उचलून उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणालो, "नाना, आपला बाप यानीच मरना. मंगळवारना गाडीनी मी जळगाव जासु. तू ये."

मंगळवारी तो स्टेशनवर आला. डब्यात माझ्यापासून लांब, दाराजवळच्या बाकावर बसला. जळगावपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. दवाखान्यात त्याला कुशीवर झोपवल्यावर डॉक्टर म्हणाले, धरायला भावाला थांबू द्या. नाना म्हणाला, "याले भायेर काढा."

मी बाहेर बाकावर बसलो. दारातून त्याचे उमासे ऐकू येत होते, मग पाय आपटल्याचा आवाज, मग काहीच नाही.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. जंतू होता, सूज होती, एक बारीक जखम होती. पेशी अजून त्यांच्या त्यांच्या जागी होत्या. मी गोळ्यांची पिशवी घेऊन त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. मी पिशवी त्याच्यापासून हातभर लांब ठेवली आणि उभा राहिलो.

त्याने पिशवी ओढून घेतली. एकेक पाकीट बाहेर काढून डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. नाव त्याला वाचता येत नव्हतं. कोर्टाच्या व्हरांड्यापासून चौदा महिने झाले होते. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं,

"जेवनना पहिले घेवानी, का नंतर?"